दुबार रेघ

१ डिसेंबर १९८८, गुरुवार

ही डायरी सत्याऐंशी सालची. सिमेंटच्या एजंटनं वर्ष उलटल्यावर आणून दिली म्हणून ऑफिसात कुणी घेईना, मी घेतली. छापलेला मंगळवार खोडून गुरुवार लिहिला आहे. खाडाखोडीचा मला मनापासून तिटकारा. एकवीस वर्षं मी बडेकर साहेबांच्या कर्जतच्या ऑफिसात ट्रेसर आहे. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायचा, हे माझं काम. इतक्या वर्षांत ब्लेडनं शाई खरवडायची वेळ फार थोड्यांदा आली.

आज लिहायला घेतलं कारण ऑफिसात कॉम्प्युटर आला. पुण्याहून टेंपोतून, गाद्यांत गुंडाळून. साहेबांच्या मेहुण्यांचं तिकडे मोठं ऑफिस आहे, त्यांनी जानेवारीअखेरपर्यंत वापरायला दिलाय. सोबत मोरेश्वर नावाचा एंजिनिअर. मूळ खालापूरचा, तिशीचा, दाढीवाला. शेजारच्या भात गिरणीचे लडकूशेठ मशीन बघायला आले आणि पहिल्याच वाक्यात त्याचा मोरू करून गेले. आता तो सगळ्यांचा मोरूच.

हा सगळा खटाटोप भागूबाईसाठी. भागूबाई बोरशेतची, खालापूरच्या वाटेवरची. चार वर्षांपूर्वी तिची एकुलती लेक हिरू बाळंतपणात अडली. बाजेवर घालून चौघांनी सडकेपर्यंत आणली, पण गाडी मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आता भागूबाई सडकेकडेची आपली जमीन प्रसूतिगृहाला द्यायला निघाली आहे. सरकारी मंजुरी झाली, नकाशा साहेबांचा. सोळा जानेवारीला अधिकारी दानपत्र करून घ्यायला येणार. त्या दिवशी अंगठा उठला नाही, तर मंजुरी दुसऱ्या गावाला जाईल.

आणि बाई अंगठा द्यायला तयार नाही. पूर्वी एका ठेकेदारानं रस्त्याच्या नकाशावर तिचा अंगठा घेतला आणि रस्त्यासोबत तिची विहीरही गेली. नकाशा तिला वाचता येत नाही. म्हणून साहेबांनी दादरच्या चित्रकाराकडून रंगीत चित्र करून आणलं. त्यात गुलमोहर, मोटार, दारात गॉगल लावलेली बाई.

“ही बाय कोन?” भागूबाईनं विचारलं.

“कुणी नाही हो, शोभेला काढलीय,” साहेब म्हणाले.

“आनि ह्यो झाड? माज्या शेतात ह्यो झाड नाय. म्हंजे घरबी शोभेलाच असंल.”

आणि पदर झटकून निघून गेली. तेव्हा साहेबांनी तिला शब्द दिला की मापाबरहुकूम चित्र दाखवीन, त्यात पदरचं काही नसेल, आणि तिला बारीक दिसत नाही म्हणून दोन हात रुंद दाखवीन. मोरू म्हणतो, हे मशीन मापाशिवाय एक काडीसुद्धा काढत नाही. बघू या.

३ डिसेंबर, शनिवार

आज मशीनवर पहिली रेघ मारली. एक मोठी पाटी आहे, तिच्यावर नकाशा चिकटवायचा. हातात साबणाच्या वडीएवढी चकती, तिच्या काचेत फुली. रेघेच्या एका टोकावर फुली आणून बटण दाबायचं, मग दुसऱ्या टोकावर. पडद्यावर रेघ उमटते. हात किंचित हलला तरी हरकत नाही, मशीन आपणहून नेमकं टोक पकडतं.

मोरू शिकवायला बसला तर मी म्हटलं, “बाबा रे, मला रेघ नको शिकवू. बटणं तेवढी शिकव.” तो हसून चहाला गेला. रेघ मला मोतीबाईंनी शिकवलीय. त्या माझ्याआधी इथं ट्रेसर होत्या. त्यांचा नियम असा की भिंतीची रेघ नेहमी दुबार. एकदा ओढायची, शाई वाळली की तिच्यावरूनच पुन्हा, केसभर इकडंतिकडं न होता. मग ट्रेसिंगवरून काढलेल्या अमोनिया प्रिंटमध्ये भिंत काळीभोर उठते. आमच्या ऑफिसचा नकाशा तालुक्यात लांबून ओळखू येतो तो यामुळं. इथंही मी प्रत्येक रेघ दुबार घेतली. पडद्यावर फरक दिसत नाही, पण दिसत नाही म्हणून काम अर्धं करायचं हे माझ्या रक्तात नाही.

दुपारी मोरूनं रेघांना उंची दिली, दहा फूट. एक कळ दाबली आणि माझा व्हरांडा उभा राहिला! मी खुर्ची मागं सरकवली. इतकी वर्षं मी घरं काढली ती सगळी जमिनीला झोपलेली. कुणाचंही घर उभं राहिलेलं मी ऑफिसात बसून बघितलं नव्हतं. मोरूनं ते चहूबाजूंनी फिरवून दाखवलं. मागून, वरून, पार पक्ष्याच्या डोळ्यांनी. घरी येऊन ह्यांना सांगताना शब्द सापडेनात. हे म्हणाले, “आगं, जेव आधी.”

८ डिसेंबर, गुरुवार

कामं वाटून घेतली आहेत. आतल्या खोल्या मोरूकडं. व्हरांडा, जोतं, पायऱ्या आणि छप्पर माझ्याकडं. कौलांची प्रत्येक ओळ मी काढली आहे. खोल्यांत मोरूनं खाटासुद्धा टाकल्यात, मोरी केलीय, पाण्याची टाकी केलीय.

“चित्र बाहेरून काढायचं, मग आतल्या खाटा कशाला?” मी विचारलं.

“खिडकीतून दिसल्या तर, ताई? मशीन आधी सगळं घर मनात धरतं. मग एकेका ठिपक्याला विचारतं, इथं सगळ्यात पुढं काय आहे? जे पुढं, ते रंगवतं.”

म्हणजे कुणाला कधीही न दिसणारी भिंतीमागची खाटसुद्धा ते मोजतं. देवळात गेल्यावर बोलावंसं वाटत नाही तसं झालं.

संध्याकाळी लहान चित्र आलं, पोस्टकार्डाएवढं. ठिपके जाड, पण सावली पडलेली! सूर्य कुठं आहे हेसुद्धा मशीनला सांगावं लागतं. मोरूनं सकाळचे दहा सांगितले होते.

१२ डिसेंबर, सोमवार

आज मोठं चित्र. प्रिंटर ते आडव्या सात पट्ट्यांत काढणार, मग आपण त्या जोडायच्या. एक पट्टी व्हायला तास. दहाला सुरू केलं. अकराला पहिली पट्टी आली, सगळेजण धावलो. नुसतं आभाळ होतं. साहेब म्हणाले, “वा, आभाळ मापात आलंय.” दुसरी सुरू झाली आणि दहाव्या मिनिटाला पडदा गोठला. कळ दाबा, थोपटा, काही नाही. बंद करून जेवणानंतर पुन्हा पहिल्यापासून. तीन वाजता पुन्हा तिथंच गचकला.

१४ डिसेंबर, बुधवार

चोर सापडला! लडकूशेठची गिरणी अकराला सुरू होते. मोटर उचलली की आमचा दिवा पिवळा पडतो, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. मशीन मरतं अकरा वाजून दहा मिनिटांनी. मोरू म्हणाला, सोमवारी दुसऱ्यांदा ते तीनला मेलं होतं. मी म्हटलं, तीनलाही गिरणी चालूच असते की.

मी स्वतः लडकूशेठकडे गेले. भाताचा हंगाम, दारात पोत्यांची रांग, आणि मी सांगतेय गिरणी थांबवा.

“कशापायी?”

“भागूबाईच्या चित्रापायी.”

कोंड्यानं पांढऱ्या झालेल्या भुवया त्यांनी वर केल्या. “हिरूच्या आयशीच्या? शुक्रवारी थांबवतो, दुपारपरेंत. लोकांना काय सांगायचं त्ये मी बघतो.”

१६ डिसेंबर, शुक्रवार

गिरणी बंद. सगळ्या आळीत इतकी शांतता की ह्यांच्या रेल्वे यार्डातली शिट्टी ऐकू आली. अकराला आभाळ आलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी मशीन मेलं.

लडकूशेठ दारातच उभे होते. “माजी गिरनी सुटली रं बाबा!” म्हणत टाळी वाजवून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ डिसेंबर, बुधवार

पाच दिवसांत काय काय केलं: पंखा लावला, पडदे ओले केले, मशीनचं झाकण उघडं ठेवलं. मोरू पुण्याला जाऊन मेमरीच्या नव्या पट्ट्या घेऊन आला. त्या बसवल्यावर अकरा दहाऐवजी अकरा पंधराला मेलं. मोरू त्यावर फार विचारात पडला. “जागा वाढवली तर जास्त वेळ टिकतं. म्हणजे काहीतरी त्याचं डोकं भरतंय.” मला ते काही कळलं नाही. मी कोपऱ्यात नारळ फोडला. खोबरं सगळ्यांनी खाल्लं, मोरूनं सगळ्यात जास्त.

२४ डिसेंबर, शनिवार

भागूबाईचा पुतण्या कोंडाजी ऑफिसात आला होता. इस्त्रीचा सफारी, हातात गाडीची किल्ली नाचवत. मुंबईच्या कुणा पार्टीला फार्महाऊससाठी तीच जमीन हवी आहे.

“म्हातारीला कशाला झुलवताय, साहेब? चितार नाय नि कायबी नाय. सोळा तारीख टळली की ती माजंच ऐकनार. दुसरं हाय कोन तिला?”

साहेब एवढंच म्हणाले, “सोळापर्यंत थांब ना मग.” तो गेल्यावर त्यांनी पाणी मागितलं. बोरशेतच्या बायका अजून बाजेवरूनच सडकेला येतात. गेल्याच महिन्यात एक आली, ती वाचली. पुढची वाचेल की नाही हे एका चित्रावर येऊन ठेपलंय आणि ते चित्र आभाळाच्या खाली उतरायला तयार नाही.

२७ डिसेंबर, मंगळवार

काल रात्री ह्यांनी कमाल केली. हे रेल्वेत, कर्जत यार्डात डबे तपासायला. जेवताना मी रडगाणं लावलं होतं.

“गाडी वढंना झाली तं आमी काय करतो?” हे म्हणाले.

“बँकर लावता. मागून इंजिन.”

“आगं, बँकर तं घाटासाठी. यार्डात सपाटीला वढंना झाली, तं कुठल्यातरी डब्यानं बिरेक धरल्याला असतो. मंग आर्धी गाडी तोडायची नि वढून बघायची. वढली, तं खोट ऱ्हायलेल्या आर्ध्यात. मंग त्याचंबी आर्धं. चार खेपंत डबा गावतो.”

सव्वीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाच्या तोंडून इतकं लांब बोलणं मी ऐकलं नव्हतं. आज सकाळी जाऊन मोरूला सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला आणि ह्यांना चहाचं आमंत्रण दिलं.

३० डिसेंबर, शुक्रवार

तीन दिवस डबे तोडतोय. छप्पर काढलं आणि चालवलं, तर दुसरी पट्टी पार झाली, तिसरीत मेलं. व्हरांडाही काढला, मेलं पाचवीत. जोतं आणि पायऱ्या काढल्या. नुसत्या खोल्या राहिल्या आणि सातही पट्ट्या बिनबोभाट! उलट नुसतं छप्पर ठेवलं तर लगेच मेलं. नुसता व्हरांडा, तेच. म्हणजे कौलं, खांब, पायऱ्या असलं बाहेरचं काम मशीनला झेपत नाही, असं मला वाटतं.

मोरूनं माझ्याकडं बघितलं, काहीतरी बोलणार होता, मग चष्मा पुसायला लागला. म्हणाला, “रविवारी मी एकटाच येऊन बसतो, ताई. तुम्ही सुट्टी घ्या.” आजकालच्या पोरांना आमच्यासारख्यांची अडचणच होते.

जाण्याआधी मी त्याच्याकडून माझ्या रेघांचा आकडा काढून घेतला. छप्पर १८४०, व्हरांडा ६१२. कामाची नोंद आपल्याकडं असावी.

२ जानेवारी १९८९, सोमवार

राग अजून उतरला नाही, अक्षर वाईट येणार.

सकाळी सहज आकडा बघितला. छप्पर ९२०! अर्ध्या रेघा गायब. रविवारी एकटाच येऊन बसला तो याच्यासाठी. आपलं मशीन चालत नाही म्हणून माझं काम कापलं. एकवीस वर्षांत माझ्या नकाशातली एक रेघ कुणी कमी केली नव्हती, साहेबांनीसुद्धा विचारल्याशिवाय नाही.

सरळ साहेबांसमोर जाऊन आकडे ठेवले. मोरूला बोलावलं. मला वाटलं वाद घालेल. तो खाली बघत म्हणाला, “चूक माझी, सर. ताईंना विचारायला हवं होतं.” बस्स. साहेबांनी जुनी फ्लॉपी लावून छप्पर पूर्ववत करायला सांगितलं. त्यानं केलं. दिवस फुकट गेला. उरले चौदा.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

३ जानेवारी, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

कोणत्या रेघा कापल्या ते शोधायला मी लवकर गेले. जुन्या छपराचा एक प्रिंट काढला, रविवारच्या छपराचा एक. मग माझ्या धंद्याचं जुनं काम केलं: दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. मागून उजेड आला. कौलाची पहिली ओळ, दुसरी, तिसरी. बोट फिरवत शेवटापर्यंत गेले. एकही रेघ कमी नव्हती. पुन्हा वरून खाली आले. एकही नाही.

नऊशेवीस दुणे अठराशे चाळीस. कागद तसेच धरून मी खिडकीशी उभी होते, पाठीमागं मोरू कधी आला कळलं नाही.

“मोरू, मशीनला माझी दुसरी रेघ दिसते?”

“दिसते, ताई. तुम्ही जितक्यांदा ओढली तितक्यांदा.”

मग त्यानं सांगितलं. रेघेला उंची दिली की भिंत होते. दोन रेघांच्या दोन भिंती, तंतोतंत एकाच जागी. मशीन ठिपक्याला विचारतं, पुढं कोण? ही म्हणते मी, ती म्हणते मी. ठरत नाही, म्हणून ते भिंतीचे तुकडे करून बघतं. तुकडेही दोन-दोन, एकाच जागी. मग तुकड्यांचे तुकडे. तेवढे सगळे लक्षात धरता धरता डोकं भरतं आणि ते थांबतं. लहान चित्राला इतकं बारीक विचारावंच लागत नाही, म्हणून ते निभावलं.

“तुला शुक्रवारीच कळलं होतं.”

त्यानं माझ्या हातातून कागद सोडवून घेतले. पुढं म्हणाला, “तुमच्या रेघा फार सुंदर पडतात, ताई. एक जरी केसभर हलली असती तर ठरवता आलं असतं त्याला.”

लाजेनं मेले मी. आणि तरी, खोटं कशाला लिहू, लाजेपेक्षा मोठं दुसरंच काहीतरी अंगावर आलं. कागदाला मी दुबार काय, दहादा गिरवलं तरी त्याला एकच रेघ. हे मशीन माझा प्रत्येक शब्द खरा धरत होतं. मी दोन भिंती सांगितल्या, त्यानं दोन भिंती मानल्या आणि त्यापायी मरत राहिलं. माझ्यावर इतका विश्वास कुणी ठेवलेला मला आठवत नाही.

साहेबांकडं गेले, सांगितलं की चूक माझी. ते कितीतरी वेळ हसले, मग गिरणीत जाऊन लडकूशेठना सांगून आले. लडकूशेठनी खिडकीतून मला कोपरापासून हात जोडले.

५ जानेवारी, गुरुवार

छप्पर मोरूचं रविवारचंच घेतलं. व्हरांड्याच्या आणि पायऱ्यांच्या दुबार रेघा मी स्वतःच्या हातानं काढून टाकतेय. मोरू म्हणाला तो झटकन करेल, मी नाही म्हटलं. रेघ निवडायची, पुसायची. पुसली तरी ती तिथंच असते, खालची. पहिल्यांदा अंगावर काटाच आला. आता मजा वाटते. तीनशेसहा पुसल्या आणि व्हरांड्याचं काही गेलं नाही.

७ जानेवारी, शनिवार

आलं. सातही पट्ट्या. पाच वाजता शेवटची पट्टी, अंगण, सरकत बाहेर आली. मी कात्रीनं कडा कापल्या, साहेबांनी खळ लावली, भिंतीवर चिकटवलं. मग आम्ही चौघं, लडकूशेठ धरून, मागं मागं जात दाराला टेकलो.

प्रसूतिगृह उभं होतं. झाड नाही, माणूस नाही. कौलांच्या ओळी, खांबांच्या सावल्या व्हरांड्यात तिरक्या पडलेल्या, डावीकडच्या खिडकीतून एका खाटेचा कोपरा. तो कोपरा बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लडकूशेठ इतका वेळ गप्प राहू शकतात हे कर्जतात कुणाला पटणार नाही.

९ जानेवारी, सोमवार

भागूबाई आली. कोंडाजीही आला, गाडीनं. साहेबांनी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. चित्राच्या अगदी जवळ गेली, नाक लागेल इतकी.

“झाड नाय.”

“नाही. तुमच्या शेतात जे नाही ते यात नाही,” साहेब म्हणाले.

तिनं अंगणावर बोट ठेवलं आणि चालायला लागली. बोट सडकेकडून आत आलं, पायऱ्यांशी पोचलं. एक, दोन, तीन. सातव्या पायरीवर थांबलं. मग खाली उतरलं. पुन्हा चढलं.

“ह्या सात पायऱ्या खऱ्या हायेत?”

“खऱ्या आहेत. पावसात शेतात पाणी साचतं, म्हणून जोतं साडेतीन फूट घेतलंय.”

“आनि बाजेवरनं आनल्याली बाय ह्या सात पायऱ्या कशी चढवनार?”

साहेब चित्राच्या जवळ सरकले.

“चौघांनी धरल्याली बाज पायरीला तिरकी व्हते. माजी हिरू बांधावर तशीच घसारली. पुढचे दोगं चढलं, मागचं दोगं खालीच. पडली माजी पोर.” तिनं बोट काढून घेतलं. “अंगठा नाय.”

कोंडाजीनं किल्ली खिशातून काढली आणि म्हणाला, “चला, काकू, सोडतो घरी.”

ती त्याच्याकडं न बघता साहेबांना म्हणाली, “सोळाला येतो.” आणि पायीच निघाली.

ती गेल्यावर साहेब चित्रासमोर किती वेळ उभे होते. “सुंदराबाई, हा नकाशा मी काढला. तुम्ही उतरवला. तीन ऑफिसांत मंजूर झाला. बारा शिक्के आहेत त्याच्यावर.” मग खुर्चीत बसले. मीही त्या पायऱ्या दोनदा काढल्या आणि एकदा पुसल्या. चौदा रेघांच्या जागी सात राहिल्या एवढंच मला दिसलं होतं.

त्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा खरं चित्र बघितलं आणि एका मिनिटात वाचलं. मी मशीनला नमस्कार करत होते. आज तो तिला केला.

११ जानेवारी, बुधवार

साहेबांनी पायऱ्यांशेजारी उतार घेतला. साडेतीन फूट चढायला पस्तीस फूट लांब, मधे एक वळण, चौघं बाज धरून सपाट चालतील इतका रुंद. आधी खडूनं ऑफिसच्या अंगणात आखला. मग लडकूशेठचे चार हमाल बाज घेऊन आले, बाजेवर भाताचं पोतं, आणि आम्ही त्यांना चालवून बघितलं. वळणाला अडकले. साहेबांनी फूटभर वाढवला. आता नाही अडकत. बदललेला नकाशा साहेब स्वतः अलिबागला घेऊन गेले आहेत.

१६ जानेवारी, सोमवार

कालपासून नवीन चित्र सुरू होतं, पण रविवारी दोन तास वीज नव्हती, म्हणून आज सकाळी सातला पुन्हा पहिल्यापासून. लडकूशेठनी न सांगता गिरणी बंद ठेवली. अधिकारी बाराला आले, पाच पट्ट्या झाल्या होत्या. सभ्य माणूस. साहेबांनी नवा नकाशा दाखवला, अलिबागची सही दाखवली, चहा दिला. मग पुन्हा चहा दिला. कोंडाजी दाराशी घड्याळ बघत उभा. भागूबाई प्रिंटरसमोर जमिनीवर मांडी घालून बसली होती, कागद बाहेर येईल तसा बघत. सहावी आली. सातवीत उतार आला, ओळीओळीनं, व्हरांड्यापासून खाली सडकेपर्यंत.

खळ वाळायचीही तिनं वाट बघितली नाही. बोट सडकेवर ठेवलं. उतारावरून हळू चालली, चौघांच्या चालीनं. वळणाला थांबली, अंदाज घेतला, वळली. व्हरांडा. दार. बोट दारातून आत गेलं, कागदावर जिथं नुसता अंधार छापलाय तिथं, आणि तिथंच राहिलं. तिचे ओठ हलत होते. आम्ही सगळे कुठंतरी दुसरीकडं बघत होतो.

“कुठं लावू अंगठा?” तिनं विचारलं.

कोंडाजी गाडी सुरू करून गेला. अधिकाऱ्यांनी कागद पिशवीत घातले, चित्राला एकदा हात जोडले, तेही गेले. भागूबाई मात्र गेली नाही. अंगठ्याची शाई पदराला पुसत पुन्हा चित्रासमोर उभी राहिली.

“ह्यात मानूस का नाय गं येकबी?”

“आजी, हे मापाशिवाय काही काढत नाही,” मोरू म्हणाला. “माणसाचं माप आमच्याकडं कुठं आहे?”

तिनं जरा विचार केला. मग जाऊन भिंतीला पाठ लावली, टाचा जुळवल्या, मान सरळ केली. मला वाटलं स्वतःचं माप देतेय. मी टेप घेऊन पुढं झाले. तिनं उजवा हात वर घेतला आणि तळवा आडवा करून कानाशी धरला.

“हितवर व्हती,” म्हणाली.

मी वाकून टेप जमिनीला लावला. साहेबांनी दुसरं टोक तिच्या तळव्यापर्यंत नेलं. चार फूट आठ इंच. मी माप लिहून घेतलं, मोरूनं खुर्ची मशीनकडं ओढली, तरी तिनं हात खाली घेतला नव्हता.